७८ टक्के कशाचे? युरोपच्या संरक्षण धोरणातला एक आकडा वाचताना

युरोपच्या संरक्षण धोरणावर गेल्या दोन-तीन वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यात एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. युरोपीय संघाचे देश शस्त्रखरेदीवर जो पैसा खर्च करतात त्यातले ७८ टक्के संघाबाहेर जातात, आणि एकट्या अमेरिकेला ६३ टक्के. मार्च २०२४मध्ये युरोपीय आयोगाने संरक्षण उद्योगाचं धोरण जाहीर केलं, त्यात हा आकडा आहे. सप्टेंबर २०२४मध्ये मारिओ द्राघी यांचा युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा जाडजूड अहवाल आला, त्यातही तो आहे. तिथून तो भाषणांत आणि अग्रलेखांत गेला. आता तर तो इतका रुळलाय की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. पाचामुखी परमेश्वर!

मी रसायनशास्त्रात पीएचडी करते, आंतरराष्ट्रीय संबंध हा माझा विषय नाही. पण आकडा कुणी काढला, काय मोजून काढला आणि कशाने भागून काढला, हे विचारायला विषय आड येत नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा एकच आकडा धरून मागे मागे जाऊन बघावं असं मला वाटतं. ‘लिटरेचर रिव्ह्यू’ म्हणजे नेमकं काय करायचं ते यातून जितकं कळेल तितकं मेथडॉलॉजीच्या पेपरातून कळणार नाही.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. युरोपीय संघात २७ देश आहेत. प्रत्येकाचं सैन्य वेगळं, खरेदी वेगळी. परराष्ट्र धोरणाचे मोठे निर्णय एकमताने घ्यावे लागतात, त्यामुळे एक देश अडून बसला की गाडी थांबते. युक्रेनला द्यायच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीवर हंगेरीने डिसेंबर २०२३मध्ये असंच अडवून धरलं, ते फेब्रुवारी २०२४पर्यंत. या सगळ्याच्या मागे सत्तर-पंचाहत्तर वर्षं अमेरिकेची हमी उभी होती, म्हणून कुणाला घाई नव्हती. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मार्च २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने युक्रेनला मिळणारी गुप्तवार्ता काही दिवस बंदच करून टाकली. तेव्हापासून ‘आपण अमेरिकेवर किती अवलंबून आहोत’ हा युरोपातला रोजचा प्रश्न झाला. ७८ हा त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरला जातो. माझा आक्षेप याच वापराला आहे.

तर, आकडा आला कुठून? पॅरिसमधल्या आयआरआयएस या संस्थेचे जाँ-पिएर मोल्नी यांनी सप्टेंबर २०२३मध्ये एक टिपण लिहिलं. युक्रेन युद्धाचा युरोपच्या शस्त्रबाजारावर काय परिणाम झाला, हा त्याचा विषय. युद्ध सुरू झाल्यानंतर जून २०२३पर्यंतच्या खरेद्या त्यात धरल्या आहेत. म्हणजे हा एका छोट्या, अतिशय असाधारण काळाचा फोटो आहे, आणि टिपण तसं म्हणूनच वाचायला हवं. पुढच्यांनी मात्र काळ गाळला. ‘त्या काळात ७८ टक्के गेले’ याचं ‘युरोप ७८ टक्के बाहेरून घेतो’ असं झालं. भूतकाळाचा वर्तमानकाळ झाला की फोटोचा कायदा होतो.

हा काळ असाधारण का, तेही बघा. पोलंडने आपले जुने सोव्हिएत बनावटीचे रणगाडे युक्रेनला दिले आणि ती पोकळी भरायला जे लवकर मिळेल ते घेतलं: अमेरिकेकडून अब्राम्स रणगाडे, दक्षिण कोरियाकडून के-२ रणगाडे आणि के-९ तोफा. जर्मनीने डिसेंबर २०२२मध्ये ३५ एफ-३५ विमानांचं कंत्राट केलं. जर्मनीच्या भूमीवरचे अमेरिकी अणुबॉम्ब वाहून नेण्याचं काम म्हातारी झालेली टोर्नाडो विमानं करत होती, त्यांची जागा घ्यायला ही विमानं लागणार होती. त्या कामासाठी अमेरिकेने मान्यता दिलेलं नवं युरोपीय विमान नव्हतंच. ही खरेदी युरोपीय उद्योगाच्या दुबळेपणाची खूण आहे की नाटोच्या अणुव्यवस्थेची? टक्केवारीत दोन्ही सारखेच दिसतात. प्रयोगशाळेत दोन-तीन आउटलायर्स आले तर आपण निदान तळटीप तरी देतो. इथे ते आउटलायर्स सरासरीच्या पोटात गेले.

दुसरी गोष्ट, ‘खरेदी’ म्हणजे काय? पोलंडने जुलै २०२२मध्ये कोरियाशी जो करारनामा केला तो १००० के-२ रणगाड्यांचा होता. ऑगस्ट २०२२मध्ये पक्कं कंत्राट झालं १८० चं. पुढचं १८० चं कंत्राट व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडलं. म्हणजे तीन वर्षांनी हजारातले ३६० कंत्राटात होते. घोषणा मोजायची, कंत्राट मोजायचं, दिलेला पैसा मोजायचा की हातात आलेला रणगाडा? चारही गोष्टींना वर्तमानपत्रात ‘खरेदी’च म्हणतात. यातलं काय धरता त्यावर कोरियाचा वाटा दुपटी-तिपटीने बदलू शकतो.

मग सरकारी नोंदी का वापरत नाहीत, असं तुम्ही विचाराल. कारण त्या पूर्ण मिळत नाहीत. युरोपीय संघाच्या कामकाजाविषयीच्या करारातलं ३४६वं कलम असं आहे की, सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची वाटणारी माहिती उघड करण्याची सक्ती कुठल्याही सदस्य देशावर करता येत नाही. बाजारपेठ एक, चलन बहुतेकांचं एक, पण शस्त्रांची वही प्रत्येकाची आपापल्या कपाटात. त्यामुळे संशोधकाला जे जाहीर झालंय ते गोळा करून भागवावं लागतं. मोठी, परदेशी, गाजावाजा झालेली खरेदी जाहीर होते. आपल्याच देशातल्या कारखान्याला दरवर्षी जाणारी दुरुस्तीची, सुट्या भागांची, दारूगोळ्याची ऑर्डर बातमी होत नाही. अशा नमुन्यात परदेशाकडे झुकाव येणारच. मोल्नी यांचा यात दोष काढण्यात अर्थ नाही. ब्रसेल्सच्या ब्रुगेल संस्थेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०२४च्या उन्हाळ्यातच या आकड्यावर शंका घेतली होती, पण शंकेला आकड्याइतके पाय नसतात.

आता छेदाकडे येऊ. संघ म्हणजे २७ देश. ब्रिटन त्यात नाही, नॉर्वे नाही. त्यामुळे नॉर्वेच्या कोंग्सबर्गकडून किंवा ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सकडून घेतलेला माल या हिशोबात ‘बाहेरचा’ ठरतो. राजकीयदृष्ट्या हे बरोबर असेलही. पण वाचणारा जेव्हा ‘७८ टक्के बाहेर’ वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टन येतं, ऑस्लो येत नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये लंडनच्या आयआयएसएसने दुसरा हिशोब मांडला. फेब्रुवारी २०२२ ते सप्टेंबर २०२४ या काळात नाटोच्या युरोपीय सदस्यांनी केलेल्या कंत्राटांपैकी किमान ५२ टक्के रक्कम युरोपीय बनावटीच्या सामग्रीवर गेली आणि ३४ टक्के अमेरिकी सामग्रीवर. आता दोन्ही शेजारी ठेवा. एकाच्या मते अमेरिकेचा वाटा ६३, दुसऱ्याच्या मते ३४. काळ वेगळा, देशांची यादी वेगळी, ‘युरोपीय’ची व्याख्या वेगळी. पॅरिसच्या संस्थेच्या हिशोबात ब्रिटन बाहेर आणि लंडनच्या संस्थेच्या हिशोबात आत. हा हेत्वारोप नव्हे हं, दोघांनीही आपापला छेद उघड सांगितलाय. फक्त मजेशीर आहे.

याहून मोठा गोंधळ तिसऱ्या आकड्याचा. स्टॉकहोमच्या सिप्रीने मार्च २०२५मध्ये सांगितलं की २०२०–२४ या काळात नाटोच्या युरोपीय देशांच्या शस्त्रआयातीत अमेरिकेचा वाटा ६४ टक्के होता. ६३ आणि ६४! बघताक्षणी वाटतं, वा, दोन स्वतंत्र स्रोतांनी एकमेकांना दुजोरा दिला. काडीचाही दिला नाही. पहिला आकडा एकूण खरेदीतला वाटा आहे, दुसरा फक्त आयातीतला. एखाद्या देशाने ९० टक्के माल घरी बनवला आणि उरलेल्या दहातला साडेसहा अमेरिकेकडून घेतला तरी सिप्रीच्या पद्धतीने त्याचा आकडा ६५ येईल. शिवाय सिप्री पैसे मोजतच नाही. प्रत्येक शस्त्राच्या लष्करी क्षमतेवरून ठरवलेलं एक खास एकक वापरून ती प्रत्यक्ष पोचलेल्या मालाचं आकारमान मोजते. अंश वेगळा, छेद वेगळा, एककसुद्धा वेगळं, तरी उत्तर जवळपास तेच. परीक्षेत असं झालं की आपण खूश होतो. संशोधनात अशा वेळी जरा घाबरायला हवं.

आणि एक ‘ध’चा ‘मा’. मूळ विधानात ६३ टक्के एकूण खरेदीचे आहेत, म्हणजे बाहेर गेलेल्या ७८मधले ६३ अमेरिकेचे. पुढे हे ‘७८ टक्के बाहेर, त्यापैकी ६३ टक्के अमेरिकेला’ अशा शब्दांत फिरू लागलं. शब्दशः घेतलं तर ७८चे ६३ टक्के म्हणजे साधारण ४९. एका ‘त्यापैकी’ने अमेरिकेच्या वाट्यातले चौदा गुण गायब! द्वितीय स्रोतावरून आकडा उचलू नका, असं तुमचे गाइड ज्या कंटाळवाण्या आवाजात सांगतात ना, ते यासाठी.

एवढं कीस पाडून हाती काय लागतं? खरी गोम मार्च २०२४च्या त्या धोरणात आहे. त्यात आयोगाने लक्ष्य ठेवलंय की २०३०पर्यंत सदस्य देशांच्या संरक्षण खरेदीतला किमान ५० टक्के भाग संघातून यावा आणि २०३५पर्यंत ६० टक्के. आज आपण कुठे उभे आहोत? ७८ मानला तर आज संघाचा वाटा २२, म्हणजे सहा वर्षांत दुपटीहून जास्त उडी मारायची आहे. त्यासाठी नवे कारखाने, नवे कायदे, भरपूर सरकारी पैसा हवा. आयआयएसएसचा ५२ मानला तर काम जवळपास झालेलंच आहे. दोन्हींतल्या देशांच्या याद्या वेगळ्या आहेत, त्यामुळे अशी थेट तुलना काटेकोर नाही. पण ब्रिटन-नॉर्वेमुळे पडणारा फरक वजा केला तरी २२ आणि ५२ यांमधलं अंतर सगळं भरून निघेल असं मला वाटत नाही. बेसलाइनच पक्की नसेल तर २०३०मध्ये ‘लक्ष्य गाठलं’ म्हणणाराही खरा आणि ‘सपशेल फसलं’ म्हणणाराही खरा. कुठल्याही रिसर्च प्रपोजलमध्ये हे चाललं नसतं. इथे करदात्यांच्या पैशांचा प्रश्न आहे आणि पलीकडे युक्रेनमध्ये माणसं मरताहेत.

माझा मोठा आक्षेप मात्र याच्याही पुढचा आहे. समजा, उद्या सगळ्यांनी मिळून एक छेद ठरवला आणि अचूक टक्केवारी काढली. त्यातून अवलंबित्व कळेल का? इटलीतल्या कामेरी इथे एफ-३५ विमानांची जुळणी होते. जर्मनीत वेझे इथे ऱ्हाइनमेटाल त्याच विमानाच्या धडाचा मधला भाग बनवण्यासाठी कारखाना उभारून बसली आहे. म्हणजे त्या विमानावरचा काही पैसा युरोपातच राहतो. पण त्याचं सॉफ्टवेअर, त्यातले बदल, सुट्या भागांची साखळी यांवर शेवटचा शब्द अमेरिकेचा. खर्चाचा वाटा आणि ताब्याचा वाटा या वेगळ्या राशी आहेत. मार्च २०२५मध्ये युक्रेनला जे थांबलं ती माहिती होती, कुणाच्याही खरेदीच्या टक्केवारीत ती धरलेली नव्हती. आपण मोजतोय ती गोष्ट आणि आपल्याला हवी असलेली गोष्ट एकच आहे का, यालाच ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. प्री-पीएचडी कोर्सवर्कमध्ये त्यावर पाच मार्कांची टीप असते. इथे एका खंडाचं धोरण त्यावर अडलंय.

उलट्या बाजूचं उदाहरण माझ्या विषयातलं आहे, म्हणून जरा रेंगाळते. मार्च २०२३मध्ये युरोपीय संघाने ठरवलं की बारा महिन्यांत युक्रेनला दहा लाख तोफगोळे द्यायचे. तोफेचा गोळा पुढे फेकायला जे इंधन लागतं त्याचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया करून ते बनवतात. रसायन जुनं आहे, एकोणिसाव्या शतकातलं. कच्चा माल मात्र खास लागतो: रुई वेगळी केल्यावर सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू, त्यांना लिंटर म्हणतात. त्यांतलं सेल्युलोज फार शुद्ध असतं. विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना सरकी सांगायला नको, पण युरोपीय संघात कापूस पिकतो तो मुख्यतः ग्रीस आणि स्पेनमध्ये, बाकी जवळजवळ नाहीच. तेव्हाचे आयुक्त तिएरी ब्रेतों मार्च २०२४मध्ये जाहीरपणे म्हणाले की हा कापूस बहुतांशी चीनमधून येतो आणि तो यायचा थांबलाय. आता सांगा, जर्मनीत बनलेला तोफगोळा कुठल्या रकान्यात जाईल? ‘संघातला’ रकान्यात, शंभर टक्के. लाकडाच्या लगद्यापासूनही नायट्रोसेल्युलोज करता येतं, पण त्यासाठी प्रक्रिया बदलावी लागते, दारूची पुन्हा चाचणी घ्यावी लागते, आणि ते एका रात्रीत होत नाही.

त्या दहा लाखांचं पुढे काय झालं हेही बघण्यासारखं आहे. जानेवारी २०२४च्या शेवटी परराष्ट्र धोरणाचे प्रमुख जोसेप बोरेल यांनी सांगितलं की मुदतीपर्यंत ५२ टक्केच जमेल. नापास! पण मला विचाराल तर या सगळ्या धोरण-वाङ्मयातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य होतं, कारण ते खोटं ठरू शकत होतं आणि ठरलं. किती, काय, कुणाला, कधीपर्यंत हे सगळं त्यात होतं. नापास झाल्यामुळेच प्रश्न विचारले गेले. कारखान्यांची क्षमता किती आणि प्रत्यक्षात दिले किती, हे वेगवेगळं बोललं जाऊ लागलं. युरोपात बनणाऱ्यातला सुमारे ४० टक्के माल तिसऱ्याच देशांना निर्यात होतोय, हे बोरेल यांनीच सांगितलं. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पेत्र पावेल म्युनिकच्या परिषदेत म्हणाले की युरोपाबाहेर आठ लाख गोळे आम्ही शोधून ठेवलेत, पैसे द्या. म्हणजे युक्रेनला वेळेवर मदत करायची तर ‘संघाबाहेर’चा टक्का वाढवावा लागत होता. एक लक्ष्य दुसऱ्या लक्ष्याला कापत होतं, आणि धोरणात त्याबद्दल चकार शब्द नाही.

याचा अर्थ मोजमाप अशक्य आहे असं नाही. मे २०२५मध्ये संघाने ‘सेफ’ नावाची १५० अब्ज युरोंची कर्जयोजना मंजूर केली. तिच्या नियमांत दोन अटी आहेत. पहिली ओळखीचीच: घटकभागांच्या किमतीतला ३५ टक्क्यांहून जास्त भाग संघ, युक्रेन आणि नॉर्वेसारख्या संलग्न देशांबाहेरचा नको. दुसरी फारशी बातम्यांत आली नाही. हवाई संरक्षणासारख्या गुंतागुंतीच्या सामग्रीच्या बाबतीत, तिच्या रचनेत बदल करण्याचा अधिकार बनवणाऱ्याकडे असायला हवा आणि त्यावर तिसऱ्या देशाचं बंधन नको. ही अट पैशाबद्दल काही विचारत नाही. स्क्रू ड्रायव्हर कुणाच्या हातात आहे, एवढंच विचारते. मला हा ७८पेक्षा कितीतरी चांगला प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर हो-नाहीत येतं, आणि कंत्राट वाचून पडताळता येतं. फक्त ही अट कर्जाच्या नियमांत आहे. २०३०चं ५० टक्क्यांचं लक्ष्य अजून पैशातच मोजलं जाणार आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये डेन्मार्कने लांब पल्ल्याच्या हवाई संरक्षणासाठी अमेरिकेची पेट्रियट सोडून फ्रान्स-इटलीची साम्प-टी यंत्रणा निवडली. त्याच वर्षी ग्रीनलंडवरून अमेरिकेशी त्यांचं वाजलेलं होतं. याच डेन्मार्कच्या हवाई दलात एफ-३५ आहेत, आणि तीच त्याची मुख्य लढाऊ विमानं आहेत. पुढच्या वर्षीच्या टक्केवारीत डेन्मार्क बराच ‘युरोपीय’ दिसेल.